नांवांचा प्रवास

परवां आमच्या घरीं दोघां भावंडांत वाद झाला. धाकटीच्या पुस्तकांत इथाकाच्या राजाचें नांव 'ओडिसियस' असें होतें. वडील भावाच्या पुस्तकांत तोच राजा 'युलिसिस'. दोहोंपैकीं एक नांव चुकीचें असलेंच पाहिजे, असा उभयतांचा आग्रह. निवाडा आम्हांकडे आला. तो वाचकांपुढेंही ठेवतों.

दोन्ही नांवें खरीं. पहिलें ग्रीकांचें, दुसरें लॅटिन 'उलिक्सेस'वरून इंग्रजीच्या वाटेनें आपल्याकडे आलेलें. रोमन लोकांस ग्रीक कथा आरंभीं ग्रंथांतून मिळाल्या नाहींत. दक्षिण इटलींतील ग्रीक वसाहती व शेजारचे एट्रुस्कन लोक यांच्याकडून त्या तोंडोतोंडीं आल्या. या प्रवासांत 'हेराक्लेस'चा 'हर्क्युलिस' झाला, 'पोलिदेउकेस' आखडून 'पोलुक्स' झाला, 'पर्सेफोने'ची 'प्रोसेर्पिना' झाली. नगरांचेंही तेंच: सिसिलींतील 'अक्रागास'ला रोमन 'अग्रिगेंतुम' म्हणूं लागले.

पुढें ग्रीक ग्रंथांचें अध्ययन वाढलें, तशी शुद्धतेची हौसही वाढली. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत ग्रीक शब्दांसाठीं 'वाय' व 'झेड' हीं अक्षरें रोमन वर्णमालेच्या अखेरीस जोडलीं गेलीं. कवि तर ग्रीक विभक्तिप्रत्यय जसेच्या तसे ठेवूं लागले. 'कॅलिप्सो' हें नांव सीझर स्वदेशी 'जूनो'प्रमाणें चालवी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील अध्यापक क्विंटिलियन यास तें रुचलें नाहीं. तथापि शोभेल तेथवर लॅटिनचीच रीत पाळावी, असें त्याचेंही मत होतें.

आम्हांस तें पटतें. आपल्याकडे 'अलेक्झांडर' फारशीच्या वाटेनें 'शिकंदर' होऊन आला. आयोनियाच्या ग्रीकांवरून 'यवन' शब्द आला. त्यांना आज कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. कानांवाटे आलेलें नांव घरचें होतें, डोळ्यांवाटे आलेलें बरेच दिवस पाहुणें राहतें. म्हणून मुलांस दोन्ही रूपें शिकवावीं, आणि कोणतें रूप कोणत्या वाटेनें आलें हेंही सांगावें.

एवढें ऐकून धाकटीनें विचारलें, "पण त्याच्या घरीं त्याला काय म्हणत?" होमरच्या काव्यांत याचें उत्तर आहे. दाईनें तान्हें मूल मातामह ऑटोलिकस याच्या मांडीवर ठेवून नांव सुचवावयास सांगितलें, आणि आजोबांनीं 'ओडिसियस' हें नांव ठेवलें. आजोबांनीं ठेवलेल्या नांवापुढें मात्र वडील भावाचेंही कांहीं चाललें नाहीं.