डोक्यावर विटा, तरी 'वर्क' शून्य?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. बहुतेक मुलं सेमी-इंग्लिशची. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. परवा एका मुलीनं धडाधडा इंग्रजीत म्हणून दाखवलं, की डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालणाऱ्यानं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं 'वर्क' शून्य असतं. एक शब्द चुकला नाही. आम्ही विचारलं, "तुझी आई बांधकामावर विटा वाहते. ती काम करत नाही का?" पोरगी गप्प. हे वाक्य आपल्या आईबद्दल आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग घरच्या मराठीत बोलणं सुरू झालं. विटा पेलायला जोर लागतो तो वरच्या दिशेनं, आई जाते पुढे. दोन्हींत ९० अंशांचा कोन, म्हणून त्या जोरानं झालेलं कार्य शून्य. पण घमेलं जमिनीवरून डोक्यावर घेताना कार्य होतं, जिना चढतानाही होतं. एकानं विचारलं, "मग सपाटीवर आई दमते कशी?" स्नायू ताणून धरायला शरीर ऊर्जा खर्च करतं, पण ती विटांना मिळत नाही. अर्धा तास वाद चालला. विज्ञान तिथं सुरू झालं.

आता कोणी म्हणेल, मग सगळं मराठीतच शिकवा. हा सल्ला देणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते आधी विचारा! बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनला शिकले. आज अकरावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीतच आहेत. इंग्रजीवरचा हक्क आम्ही सोडणार नाही.

आणि पुस्तकातली मराठी तरी आमची कुठे आहे? 'अपवर्तन', 'प्रकाशसंश्लेषण' कुठल्या वस्तीत बोलतात? 'विस्थापन' म्हणजे पुस्तकात वस्तूनं जागा बदलणं, आमच्याकडे दारात आलेला बुलडोझर. म्हणजे आमच्या मुलाला दोन परक्या भाषा ओलांडून विज्ञानापर्यंत पोचावं लागतं. वर शाळा त्यालाच 'ढ' म्हणते.

अनेक शाळांनी सेमी-इंग्लिशची पाटी लावली, पण शिक्षकाला तयार केलं नाही. तो बिचारा ओळ वाचतो, अर्थ सांगतो, पुढची ओळ वाचतो. आमचं म्हणणं असं, की आधी मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्या, चुकू द्या. मग दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी लिहा आणि शेवटी इंग्रजी वाक्य त्याच्याकडून घडवून घ्या. 'वर्क', 'पॉवर', 'सेल', 'सोल्यूशन' या शब्दांचा बाजारातला अर्थ वेगळा आणि प्रयोगशाळेतला वेगळा, हे उघड सांगा. चाचणीत कल्पना बरोबर असेल तर मोडक्या इंग्रजीसाठी गुण कापू नका. शाळेच्या पालकसभेत ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

पुढच्या रविवारी 'पॉवर' घेणार आहोत. वायरमनचं काम करणारा एक बाप शिकवायला येतोय. सायन्स झालेल्या पोरापोरींनी एक तास काढून यावं. इंग्रजी पुस्तक घेऊन या, पण बोलायचं वस्तीच्या भाषेत.