नजरेचीही तपासणी व्हावी

क्ष-किरण यंत्र चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. परंतु त्या यंत्राने टिपलेल्या स्तनप्रतिमेतील सूक्ष्म, पांढरट ठिपके ओळखणाऱ्या नजरेची नियमित पारख व्हावी, असा दंडक आपल्या दफ्तरी नाही. ब्रिटनमध्ये मात्र अनेक वर्षांपासून, निदान आधीच निश्चित झालेल्या प्रतिमांचे संच तज्ज्ञांपुढे ठेवून, किती व्याधी नजरेतून निसटल्या आणि किती निरोगी स्त्रिया व्यर्थ धास्तावल्या असत्या, याचा हिशेब ज्याचा त्याला दिला जातो. शिवाय वर्षाकाठी किमान ५,००० तपासण्या वाचण्याची अटही आहेच. एवढा सराव मराठवाड्यात कोठून मिळणार, हा आक्षेप रास्तच. पण म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाने असे संच सिद्ध करून, रुग्णांची नावे गुप्त राखून, जालना-बीडच्या डॉक्टरांकडे धाडावेत.