दुःखापुढील कोरी जागा



परवा सायंकाळी प्रार्थनापुस्तक मिटून पडवीत बसलो असता इयत्ता पाचवीतील एक मुलगा वही घेऊन आला. गुरुजींनी विरुद्धार्थी शब्द लिहावयास सांगितले होते. दिवस आणि रात्र, लाभ आणि हानी, इथवर त्याचे काम सुरळीत झाले होते. 'दुःख' या शब्दापुढील जागा मात्र कोरी होती.

"फादर, इथे सुख लिहू की आनंद?"

"कोणताही लिही," मी म्हणालो.

"पण ते दोन्ही एकच आहेत का? बाळ झालं तेव्हा आई हसत होती आणि रडतही होती."

या मुलाचे वडील गेल्या आषाढात वारले. त्या वेळी आईला नुकतेच दिवस गेले होते. मागल्या महिन्यात तिला मुलगी झाली. मुलाच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. "उद्या ये," असे सांगून मी त्याला घरी पाठविले आणि रात्री कोश काढून बसलो.

'सुख' हा शब्द प्रथम पाहिला. 'सु' म्हणजे चांगले आणि 'ख' म्हणजे छिद्र, अशी त्याची फोड संस्कृत कोशकार देतात. हे छिद्र चाकाचे. चाकाच्या मध्यभागी आस बसविण्यासाठी जे भोक असते ते नीट असले, म्हणजे गाडी न अडखळता चालते. ऋग्वेदात हे विशेषण रथाला लावलेले आढळते. भोक वाकडे झाले की चाक घासते, करकरते, बैल थकतात, ते दुःख. ज्यांनी वंगण न घातलेल्या गाडीतून बाजारापर्यंत प्रवास केला आहे त्यांना ही व्युत्पत्ती पंडितांपेक्षा लवकर पटेल. तेव्हा दुःखाची खरी जोडी सुखाशीच. संसाराचे चाक चालते तेव्हा सुख, घासते तेव्हा दुःख.

'हर्ष' याची गोष्ट निराळी. 'हृष्' या धातूचा मूळ अर्थ केस उभे राहणे. आपण हर्ष आणि शोक यांना समोरासमोर बसवितो खरे. परंतु भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन शोकाने खचला असता त्याच्या अंगावर रोमहर्षच उभा राहतो, आणि त्या अध्यायाचे नाव आहे विषादयोग. लॅटिनमध्ये भीतीला 'होरर' म्हणतात. भाषापंडित त्याचे नाते याच धातूशी जोडतात. काटा भीतीनेही येतो, हर्षानेही येतो. अंगाला दोहोंतला भेद कळत नाही.

खुशी आणि मजा हे फारसीतून आलेले पाहुणे, मौज अरबीतून. मजा म्हणजे चव, मौज म्हणजे लाट. चव जिभेवरून जाते, लाट किनाऱ्यावरून परतते. जत्रेसाठी हे शब्द उत्तम. त्यांच्यापाशी अधिक थांबण्याचे कारण नाही.

सेमिनरीत मला ज्या लॅटिनने पुष्कळ छळले, तिनेच येथे थोडी मदत केली. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी मिस्साच्या वेळी जांभळ्या वस्त्रांऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा आहे, हे आपण पाहिले असेल. त्या रविवाराचे नाव 'लेतारे', म्हणजे उल्हसित हो. आपल्याकडील कित्येक घरांत आढळणारे लेतिसिया हे नावही त्याच कुळातले. यातील मूळ शब्द 'लेतुस' रोमन शेतकरी तरारलेल्या पिकाला व सुपीक जमिनीला लावीत असत. त्यावरूनच खताला 'लेतामेन' म्हणू लागले, आणि इटलीत शेणखताला आजही 'लेतामे' म्हणतात. प्रायश्चित्ताच्या ऐन मध्यावर येणाऱ्या त्या गुलाबी रविवाराच्या नावात शेणखताचा वास आहे, हे आमच्या प्राध्यापकांनी आम्हांला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर लॅटिन अधिक गोड लागली असती.

राहिला 'आनंद'. आपण सुखदुःख म्हणतो, हर्षशोक म्हणतो. आनंददुःख असे कोणी म्हणत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याच्यासमोर दुःख लिहितात. परंतु लोकांच्या बोलण्यात आनंदाला अशी जोडी नाही. उलट अश्रूंना तो आपल्या घरात घेतो. आनंदाश्रू हा शब्द आपल्या नित्याचा आहे.

येथवर आलो आणि मला स्वतःचे एक वाक्य आठवले. त्या मुलाच्या वडिलांच्या महिन्याच्या मिस्सानंतर मी आईला म्हणालो होतो, "धीर धर, सुखाचे दिवस परत येतील." ती काही बोलली नव्हती. जोडीतला एक बैल गेला आहे, तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, सोसायटीचे कर्ज आहे. आणि मी तिला चाक सुरळीत चालेल असे वचन देऊन आलो होतो. ते वचन देणारा मी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बाळ सुपात निजले होते. मी विचारले, "बाई, कशी आहेस?" ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "आनंद आहे फादर. सुख नाही. समाधान व्हायला अजून वेळ लागेल."

ती चौथीपर्यंत शिकली आहे. मी रात्रभर कोश चाळून जे तीन शब्द वेगळे केले, ते तिने भाकरी थापता थापता वेगळे करून ठेवले होते. 'समाधान' म्हणजे विखुरलेले एकत्र आणून ठेवणे, एवढीच भर मी घालू शकलो असतो; ती मी घातली नाही.

सायंकाळी मुलगा आला. मी त्याला कोऱ्या जागेत 'सुख' लिहावयास सांगितले. त्याने लिहिले.

"मग आनंद कुठे लिहू?"

"तो गुरुजींनी विचारलेला नाही," मी म्हणालो.

त्याने वही मिटली आणि आईचा निरोप सांगितला. पास्कानंतरच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा करावयाचा आहे. आईने काळी वस्त्रे अजून उतरविलेली नाहीत, त्याच वस्त्रांत ती येणार आहे. चालेल का, असे तिने विचारले होते. चालेल, मी म्हणालो. मुलीला आजीचे नाव द्यावयाचे ठरले आहे, आणि ते नाव नेमके मी वर सांगितले तेच आहे. नाव सांगून मुलगा पळाला. खताची गोष्ट त्याला अजून सांगावयाची राहिली आहे.