दाराशी कोण आहे?

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात भाजणीचा वास सुटतो. यंदा मात्र जेवणाच्या टेबलावर तारा, इवलासा कॅमेरा आणि पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक पसरला होता. चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मान वर न करता ते म्हणाले, "आई, हे रात्रभर बेक होईल. लॅपटॉप बंद करू नकोस."

"काय बेक होतंय? नानकटाई?" सौ.ने विचारले.

"इमेज!"

या एका शब्दावरून आमच्याकडे जे रामायण घडले ते वाचकांना सांगावे म्हणतो. त्यात विज्ञान तर आहेच, पण आमच्या माईचा प्रश्नही आहे.

माई म्हणजे माझी आई. वय ७९. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ नेली. दुपारी ती घरी एकटी असते. श्रावणात एके दुपारी "मीटर बघायला आलोय" म्हणून कोणी बेल वाजवली. तिने दार उघडले. तो गेला, आणि त्याच्याबरोबर देवापुढचे चांदीचे निरांजनही गेले. निरांजनाचे दुःख चार दिवसांत ओसरले. पण तेव्हापासून माई कोणालाच दार उघडीना. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तीस वर्षे रोज चार वाजता चहाला येत. त्यांचा आवाज दाराआडून आला तरी तिला खात्री वाटेना. काकू दोन-चारदा परत गेल्या आणि मग यायच्या थांबल्या. दुपारभर घरात रेडिओ तेवढा बोले.

दारातला माणूस ओळखून आजीला त्याचे नाव सांगणारी पेटी करायची, असे चिरंजीवांनी ठरवले. माईने एकच अट घातली. "माझ्या दारात कोण येतं-जातं, ते जगाला कळायला नको." म्हणजे चित्र इंटरनेटवरून दूरच्या कुठल्या संगणकाकडे धाडायचे नाही. ओळखायचे ते घरातल्या घरात.

टेबलावरचा संगणक म्हणजे २०२३ साली निघालेला 'रास्पबेरी पाय ५'. तो सर्व कामे करणाऱ्या जुन्या घरगड्यासारखा आहे. पण चेहरा ओळखणे म्हणजे गुणाकार आणि बेरजांचा डोंगर. त्यासाठी २०२४ साली त्याच्यावर बसवायची एक पट्टी निघाली. तिच्यावर 'हायलो' या इस्रायली कंपनीची चिप असते. त्यातली लहान चिपसुद्धा सेकंदाला १३ लाख कोटी क्रिया करते, असे तिचे माप दिलेले आहे. तिला दुसरे फारसे काही येत नाही. गिरणीला कुठे पोळ्या लाटता येतात? पण दळण तिनेच दळावे.

"मग चिप लावली की झालं!" मी म्हणालो.

"तयार लिनक्स घेतलं तर जवळपास तसंच आहे, बाबा. पण ही पेटी दाराशी वर्षानुवर्षं टांगलेली राहणार. वीज जाणार-येणार. बघायला कोण आहे? म्हणून तिच्यात लागेल तेवढंच भरायचं, आणि वीज गेली तरी आतलं बिघडू नये म्हणून ते फक्त वाचता येईल असं ठेवायचं."

असे आटोपशीर लिनक्स आपल्या हाताने रचण्यासाठी 'योक्टो' नावाची पद्धत २०१० साली सुरू झाली. तिची भाषा ऐकून सौ. खुर्ची ओढून बसलीच. प्रत्येक जिन्नस कुठून आणायचा आणि कसा करायचा ते लिहिलेले असते, त्याला म्हणतात रेसिपी. अशा रेसिप्यांचा गठ्ठा म्हणजे लेयर, आपल्या भाषेत थर. सगळे थर रचून जे भाजून निघते, ती इमेज. चिपसाठी एक थर नव्याने घालावा लागतो.

"म्हणजे चिरोटेच की!" सौ. म्हणाली.

पण पहिला घाणा फसला. पेटीला चिप दिसेचना. वाचकहो, इथेच खरी गोम आहे. चिपला कामाला लावायला चार जिन्नस लागतात. पहिला ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि चिप यांच्यातला दुभाष्या. ज्या गाभ्यासाठी तो बांधला त्याच्याशीच तो बोलतो; गाभा बदलला की तोही पुन्हा बांधावा लागतो. दुसरा फर्मवेअर, म्हणजे सुरू होताना चिपच्या पोटात घालायचा कार्यक्रम. तिसरी लायब्ररी, जिच्यामार्फत आपला प्रोग्राम चिपला काम सांगतो. चौथे मॉडेल, म्हणजे ओळखण्याची शिकवण. ते मोठ्या संगणकावर आधीच या चिपच्या बोलीत उतरवून घ्यावे लागते. त्यातले बारीक दशांशाचे आकडे ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांत, बसवतात. पैसे सोडून रुपयांत हिशेब करावा, तसे.

दुसऱ्या घाण्याला चिप दिसली, पण काम करीना. पडद्यावर ओळ उमटली: ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. दोष चिपचा नव्हता. चिरंजीवांनीच घाईत एक जिन्नस जुन्या आवृत्तीचा आणि दुसरा नव्या आवृत्तीचा उचलला होता.

"दोन घरच्या भाजण्या मिसळून कधी चकली होते का?" सौ. म्हणाली. मग तिने फडताळातून माईची पाककृतींची वही काढली. तीत नुसते 'तांदूळ' नाही. कोणते तांदूळ, किती, कोणाच्या गिरणीतून दळून आणायचे, सारे लिहिलेले. "म्हणून तर चाळीस वर्षं चकली तशीच होते. तू लिहिलंयस का काही?"

चिरंजीव गप्प झाले. त्या रात्री त्यांनी चारही जिन्नस एकाच मेळाचे घेतले, आणि गाभ्यासकट प्रत्येकाची नेमकी आवृत्ती रेसिपीत नोंदवून टाकली. उद्या पेटी जळाली, किंवा हे नोकरीसाठी परगावी गेले, तरी कोणालाही तीच इमेज पुन्हा भाजता यावी. एकदा चालणे निराळे, आणि पुन्हा तसेच करता येणे निराळे. डोळ्यांनी न दिसणारे माणूस ज्यावर विसंबते, तिथे दुसरेच हवे.

तिसरा घाणा उतरला. पेटी चेहऱ्याची आकड्यांची ओळ करते, आणि जपून ठेवलेल्या ओळींशी ताडून बघते. काकूंची ओळ त्यांना विचारूनच घेतली. पेटीला अनोळखी वाटले तर ती तसे सांगते. कागदावरच्या फोटोनेही ती फसू शकते, म्हणून दाराची साखळी आम्ही काढलेली नाही. आधी आवाज ऐकायचा, मग साखळी.

वसुबारसेला चार वाजता बेल वाजली. पेटीतून चिरंजीवांचा आवाज आला, "आजी, समोरच्या काकू आल्यात."

माई क्षणभर तशीच बसली. मग भिंत धरून दारापर्यंत गेली, आणि साखळीआडून म्हणाली, "बोल गं काहीतरी."

"साखर कमी घाल, एवढंच सांगते," काकू म्हणाल्या.

साखळी निघाली. चकल्या अजून व्हायच्या होत्या. सौ.ने चहाबरोबर विकतची बिस्किटे दिली, आणि कोणी तक्रार केली नाही.