सूर्य काही फक्त ध्रुवांवरच तळपत नाही

१० मे २०२४ रोजी दुपारी बारा वाजून चोवीस मिनिटांनी सूर्यावरची एक्स ३.९ प्रतीची सौरज्वाला शिगेला पोचली. पुण्यात त्या वेळी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर होता. शहराचा शून्य सावली दिवस तीन-चार दिवसांवर आला होता आणि त्या दिवशीची खरी मध्यान्ह व्हायला सात-आठ मिनिटेच बाकी होती. म्हणजे क्ष-किरणांचा तो झोत पृथ्वीच्या ज्या पट्ट्यावर सर्वांत सरळ आदळला, त्या पट्ट्यात पुणे होते. तरीही ‘सौरज्वालांचा आपल्याशी काय संबंध, ते सारे कॅनडा-नॉर्वेकडचे’ असे म्हणणारी शहाणी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या समोर उभा असतो घाबरवणाऱ्यांचा पक्ष. सौरवादळ आले की फोन जळणार, हृदये बंद पडणार आणि इंटरनेट कायमचे जाणार, असे तो छातीठोकपणे सांगतो. या दोन्ही पक्षांचे भांडण नुसते ऐकत बसण्याचे कारण नाही, कारण दोघेही मोजमाप न करता बोलतात. सौरज्वालेचा पृथ्वीवर काय परिणाम होतो, हे मोजून सांगता येते. ते मोजण्याची सर्वांत मोलाची एक नोंद तर महाराष्ट्रातच झालेली आहे.

आधी घाबरवणाऱ्यांचे पाहू. दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक निरोप फिरतो: आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत अंतराळातून घातक किरण येणार आहेत, फोन बंद करा आणि अंगापासून लांब ठेवा. खाली नासा आणि बीबीसी यांची नावे असतात, तारीख मात्र कधीच नसते. त्यामुळे निरोप शिळा होत नाही. किरण कधी ‘वैश्विक’ असतात, कधी सूर्याचे. सूर्याचे म्हणावेत तर मध्यरात्रीची वेळच दावा खोडून काढते. सौरज्वालेचा प्रकाश, अतिनील आणि क्ष-किरण आठ-साडेआठ मिनिटांत सरळ रेषेत येतात, आणि मध्यरात्री पुणे पृथ्वीच्या सावलीत असते. हजारो किलोमीटर जाडीची पृथ्वी भेदून ते किरण उशाशी ठेवलेल्या फोनपर्यंत येत नाहीत. दिवसा आले तरी क्ष-किरण साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत शोषले जातात. खाली लक्ष्मी रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला ते शिवतसुद्धा नाहीत. फोन जळण्याचा हिशेबही करून पाहावा. मोठ्या भूचुंबकीय वादळात जमिनीवर दर किलोमीटरला काही व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र तयार होते. पाच व्होल्ट धरले, तर पंधरा सेंटिमीटरच्या फोनच्या दोन टोकांत एक मिलिव्होल्टदेखील फरक पडत नाही. पण हाच गुणाकार तीनशे किलोमीटरच्या वीजवाहिनीला लावला की उत्तर येते दीड हजार व्होल्ट. भीती खरी असेल तर ती खिशातल्या वस्तूची नाही, डोंगरदऱ्यांतून मैलोन्‌मैल गेलेल्या तारांची आहे. निरोप पाठवणाऱ्यांना ही तार दिसत नाही, फोन दिसतो.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण वर्तमानपत्रेही तो सर्रास गाळतात. सौरज्वाला म्हणजे मुख्यतः किरणांचा उद्रेक. तो घडल्याचे आपल्याला कळते तेव्हाच त्याचा परिणामही सुरू झालेला असतो; आगाऊ इशारा देणारा निरोप प्रकाशापेक्षा वेगाने येऊ शकत नाही. पुष्कळदा ज्वालेबरोबर सूर्याच्या किरीटातून चुंबकीय द्रव्याचा प्रचंड लोटही बाहेर फेकला जातो. त्याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात. तो एक ते तीन दिवसांनी पोचतो आणि पृथ्वीचे चुंबकत्व हलवून टाकतो. रेडिओ बंद पडतो तो पहिल्याने, वीजजाळे अडचणीत येते ते दुसऱ्याने. दोन्हींची सरमिसळ केली की घाबरवणाऱ्यांचेही फावते आणि बेफिकिरांचेही.

बेफिकिरांचा युक्तिवाद अधिक सुसंस्कृत वाटतो म्हणून अधिक फसवा आहे. पृथ्वीचे चुंबकत्व सौरकणांना ध्रुवांकडे वळवते, आपण विषुववृत्ताजवळ आहोत, सबब आपल्याला धोका नाही, असे ते म्हणतात. यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. ज्वालेच्या क्ष-किरणांना विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकत्व त्यांना वळवूच शकत नाही. सूर्य जिथे डोक्यावर, तिथे ते सर्वांत जोरात आदळतात, आणि सूर्य डोक्यावर येतो तो उष्ण कटिबंधात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या माथ्यावर तो कधीच येत नाही. या किरणांनी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर दाट होतो आणि लघुलहरींचा रेडिओ त्यात गिळला जातो. समुद्रावरून जाणारी विमाने, जहाजे आणि हौशी हॅम मंडळी यांना तो पट्टा तासभर मुका झालेला आढळतो. शिवाय चुंबकीय विषुववृत्त कन्याकुमारीच्या टोकाजवळून जाते. त्याच्या दोन्ही अंगांना आयनांबर जगात सर्वांत दाट आणि सर्वांत चंचल असते, विशेषतः सूर्यास्तानंतर. उपग्रहांचे दिशादर्शक संकेत त्यातून येताना डळमळतात. विमानांसाठी ‘गगन’ ही सुधारणा यंत्रणा उभारताना आपल्या अभियंत्यांना हीच डोकेदुखी झाली. नारायणगावजवळ खोडद परिसरात उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनाही कमी वारंवारतेचे निरीक्षण करताना आधी या थराचा हिशेब चुकता करावा लागतो. तेव्हा अक्षांश कमी म्हणजे परिणाम कमी, हे समीकरणच चूक आहे. अक्षांश बदलला की परिणामाचा प्रकार बदलतो.

राहिला प्रश्न चुंबकीय वादळाचा. इथे तरी आपण सुरक्षित ना? याचे उत्तर कुलाब्याने १८५९ मध्येच देऊन ठेवले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी सूर्यावर पांढऱ्या प्रकाशाचा स्फोट पाहिला. साडेसतरा-अठरा तासांत त्याचा लोट पृथ्वीवर आला. युरोपातल्या वेधशाळांत चुंबकसुईची हालचाल छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटत असे. त्या दिवशी ती इतकी झाली की रेषा कागदाबाहेर गेली आणि नोंदच तुटली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ही स्वयंचलित सोय नव्हती. तिथले निरीक्षक डोळ्यांनी आकडा वाचून वहीत उतरवत. एरवी ठरावीक वेळाने, आणि सुई अस्वस्थ झाली की दर पाच-पंधरा मिनिटांनी. म्हणून त्यांची नोंद शाबूत राहिली. त्या वहीत २ सप्टेंबरला, भर दिवसा, आडव्या चुंबकीय घटकाची सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली आहे. आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या लाखिना आणि अॅलेक्स यांनी त्सुरुतानी-गोन्झालेझ यांच्याबरोबर २००३ मध्ये ही वही जगासमोर मांडली, तेव्हा कॅरिंग्टन वादळाचा खरा आवाका मोजायला हाती आकडा आला. त्या आकड्यातला किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा आणि किती आयनांबरातल्या प्रवाहांचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तासाची सरासरी काढली तर घसरण बरीच लहान होते, हेही मान्य. पण कुलाब्याला सुई हललीच नव्हती, असे कोणीच म्हणत नाही. मे २०२४ च्या वादळाला आपण वीस वर्षांतले सर्वांत मोठे म्हणालो. जागतिक निर्देशांकावर त्याची खोली चारशे नॅनोटेस्लांच्या घरातली होती. ‘कमी अक्षांशावर काही होत नाही’ म्हणणाऱ्याने ही तुलना एकदा नीट करावी. (पुढे विजेच्या ट्राममुळे सुई बिथरणार हे दिसल्यावर चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. नोंदीसाठी जागा बदलण्याची शिस्त त्या काळात होती.)

सुई हलली म्हणून दिवे जातातच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. दिवे कसे जातात ते पाहिले की धोक्याचे मापही कळते. बदलत्या चुंबकत्वाने जमिनीत प्रवाह सुरू होतो. खडक कठीण आणि विद्युतरोधी असेल तर तो प्रवाह सोपा मार्ग शोधतो: ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीत पुरलेल्या न्यूट्रलमधून वर चढतो, वाहिनीतून शेकडो किलोमीटर जातो आणि दुसऱ्या टोकाला उतरतो. हा प्रवाह जवळजवळ एकदिश असतो. पन्नास हर्ट्झच्या उलटसुलट प्रवाहासाठी घडवलेला ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याने अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो, तापतो, गुरगुरतो आणि जाळ्यात नको ते तरंग सोडतो. मग संरक्षक यंत्रणा एकामागून एक गळतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे वीजजाळे असेच दीड मिनिटात कोसळले. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. क्वेबेक ध्रुवाजवळ आहे म्हणावे, तर ऑक्टोबर २००३ च्या वादळानंतरच्या महिन्यांत दक्षिण आफ्रिकेतले मोठे ट्रान्सफॉर्मर एकेक करून आतून जळालेले सापडले. दक्षिण आफ्रिका काही ध्रुवीय देश नव्हे. तिथे दिवे एका झटक्यात गेले नाहीत, यंत्रांचे आयुष्य आतल्या आत संपले. आणि कमी अक्षांशाच्या देशाला भीती असलीच तर अशाच नुकसानीची. क्वेबेकखाली जुना कठीण खडक आहे तसा आपल्याकडेही आहे. कोयना भागातल्या विंधनात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला. त्यावरून महाराष्ट्रात ७६५ आणि ४०० केव्हीच्या लांब वाहिन्या गेल्या आहेत. म्हणून इथे क्वेबेक घडेल असे मी म्हणत नाही. इथे किती प्रवाह वाहतो, हे मोजूनच ठरेल असे म्हणतो.

‘पण मे २०२४ मध्ये काय झाले? काहीच नाही.’ हा बेफिकिरांचा हुकमी पत्ता. लडाखात हानलेला आकाश लाल झाले, त्याचे फोटो पुण्यातल्या घराघरांत पोचले, आणि शनिवारची सकाळ नेहमीसारखी उजाडली. इस्रोने तेव्हा जे कारण सांगितले ते मात्र कोणी वाचले नाही: वादळाचा मुख्य तडाखा ११ मेच्या पहाटे बसला, तेव्हा भारतावरचे आयनांबर पुरते तयार झालेले नव्हते, आणि अक्षांशही कामी आला. झळ प्रशांत महासागर आणि अमेरिकेच्या बाजूला बसली. ऐन पेरणीत तिथे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटून थांबले. म्हणजे अर्धे श्रेय घड्याळाला आहे. १८५९ चा तडाखा कुलाब्याला भर दिवसा बसला होता, हे इथे पुन्हा आठवावे. २३ जुलै २०१२ चा लोट तर कॅरिंग्टनच्या तोडीचा होता. सूर्याची ती बाजू तेव्हा आपल्याकडे नव्हती, म्हणून तो एका अंतराळयानाला धडकून गेला. नेम चुकला याला कोणी चिलखत म्हणत नाही.

सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा कळस होऊन गेला, आता कशाला काळजी, असेही ऐकू येते. २००३ ची भीषण वादळे कळसानंतर दोन-अडीच वर्षांनी आली होती. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, कळसाला अवकाश असताना, एका किरकोळ वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी चाळीसच्या आसपास स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले.

तिसरा एक पक्ष आहे, तो सगळेच सूर्याच्या माथी मारतो: पाऊस, दंगली, शेअरबाजार. त्याला फार वेळ द्यायचे कारण नाही, पण त्याची कुळी मात्र प्रतिष्ठित आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सूर्यावरचे डाग आणि मोसमी पाऊस यांचा संबंध लावण्याची धडपड सरकारी पातळीवर झाली. कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहण्यामागे ती आशाही होती. हवामान खात्याच्या गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचे आकडे डागांशी ताडून पाहिले आणि भाकितासाठी हाती लागण्याजोगे फारसे काही नाही, असा निवाडा दिला. त्याच खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव पडले. तिथून रोज जाणाऱ्या पुणेकराने निदान पावसाचे खापर सूर्यडागांवर फोडू नये.

आता शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप, पैशाचा. ‘आदित्य-एल१’ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर सुमारे चारशे कोटी रुपये गेले, ते शेतकऱ्याला दिले असते तर? जणू पेरणी, वीजपंप आणि बाजारभावाचा फोन यांना वीज आणि उपग्रह लागतच नाहीत. २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवर स्थिरावलेल्या या यानावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत, दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली घडली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या ज्या लहरी ती अकरा गाळण्यांतून टिपते, त्यांतल्या बऱ्याचशा ओझोन थर खाली येऊ देत नाही. जमिनीवरून हे काम होणे नाही. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स ६.३ ज्वालेचा गाभा सूर्याच्या खालच्या थरांत कसा उजळला, हे तिने दाखवले. ज्वाला कुठे आणि कशी पेटते हे कळल्याशिवाय उद्याचे भाकीत होणार नाही. मात्र याचा अर्थ दुर्बीण आकाशात गेली की काम संपले असा नाही. यानावरून द्रव्याच्या लोटाची खात्रीची सूचना मिळते ती जेमतेम अर्धा-पाऊण तास आधी. तेवढ्या वेळात कोणती वाहिनी हलकी करायची, हे ठरवायला खालचे आकडे हाताशी लागतात. म्हणून महापारेषणने लोणीकंद आणि चाकणच्या ४०० केव्ही उपकेंद्रांत न्यूट्रलमधला एकदिश प्रवाह मोजणारी उपकरणे बसवावीत, बसवलेली असतील तर त्यांचे आकडे अलिबागच्या नोंदींशेजारी ठेवून जाहीर करावेत, आणि राज्याच्या आपत्ती आराखड्यात पूर-भूकंपाबरोबर सौरवादळालाही एक स्वतंत्र प्रकरण द्यावे.