वाऱ्याचे मोजमाप होते, हक्काचे कधी?

पवनचक्की बसवण्याआधी कंपनी डोंगरावर वारा मोजण्याचा उंच मनोरा उभा करते. त्यावरची यंत्रे वाऱ्याचा वेग, दिशा, तापमान व हवेचा दाब यांची निदान वर्षभर नोंद घेतात. गावकऱ्यांना वाटते, हवामान खात्याचे काही काम चालले असेल. वस्तुतः तो मनोरा ही जमिनीच्या व्यवहाराची पहिली नोटीस असते. फक्त ती कुणावर बजावली जात नाही.

एवढी मोजणी कशासाठी? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 5 मीटर आणि 6 मीटर हा फरक अंगाला कळतही नाही, पण ऊर्जा सुमारे 70 टक्क्यांनी वाढते. कोकणातून चढून येणारा नैऋत्य मोसमी वारा घाटमाथ्यावर दाबला जाऊन वेग घेतो. म्हणून कंपन्यांची नजर आमच्या आंबीच्या सपाटीवर नसते, मावळच्या माथ्यावर असते. तिथे ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतात. जो खडकाळ माळ त्यांच्या लेखी कवडीमोल, त्याची खरी किंमत मनोऱ्याच्या नोंदवहीत असते आणि ती वही एकाच पक्षाकडे असते. असा करार समान पातळीवरचा कसा म्हणावा?

वीज आपल्याला हवीच आहे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना वीज धोरण त्यांच्याच खात्याकडे होते आणि वीज स्वस्त व मुबलक असावी हा त्यांचा आग्रह होता. प्रश्न पवनचक्कीचा नाही, पद्धतीचा आहे.

खेड व मावळच्या माथ्यावरील आंध्रा लेक पवन प्रकल्पाचेच घ्या. 2009 मध्ये त्यासाठी सुमारे 194 हेक्टर राखीव वन वळते करण्यात आले. वनहक्क कायदा 2006 चा. पण तेथील रहिवाशांचे हक्क आधी मान्य झालेच नाहीत, रस्त्यांच्या निकृष्ट कामामुळे डोंगर खचले, असे माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात नमूद केले. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, त्यामुळे जनसुनावणीही नाही!

उलट विजेच्या बाबतीत काटेकोरपणा पाहा. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पवनविजेचा अंदाज दर 15 मिनिटांचा, म्हणजे दिवसाचे 96 टप्पे पाडून द्यावा लागतो. अंदाज मर्यादेबाहेर चुकला की पैसे भरावे लागतात. पाव तासाच्या वाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा हिशेब मात्र सापडत नाही.

आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चे बंधन आहे. महार वतनाची जमीन 1958 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. तेव्हा बांधवांनो, मनोरा दिसताच तो कुणाच्या परवानगीने उभा राहिला हे ग्रामसभेत लेखी विचारा, वाऱ्याच्या नोंदींची प्रत मागा आणि सातबारा काढून त्यावरचा शेरा वाचा. एजंटाच्या इसारपावतीवर अंगठा त्यानंतरच.