वर्गवारी चुकांची की विद्यार्थ्यांची?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम सिद्ध करणे ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. २०१७ साली ‘स्वयम्’ सुरू झाले आणि २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली. चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंचाचणी हा त्याचा साचा वाईट नाही; मात्र तो सर्वांना एकाच वाटेने नेतो. म्हणून अध्येतानुकूल अभ्यासक्रमाची, म्हणजे विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार पुढचा पाठ बदलणाऱ्या रचनेची, चर्चा होऊ लागली आहे. या चर्चेत एक गृहीतक नकळत शिरले आहे. विद्यार्थ्यांचे मंद, मध्यम व प्रगत असे गट पाडले आणि प्रत्येकास निराळा पाठ दिला, की अनुकूलता साधली! ‘नॅक’च्या अहवालांमुळे ही भाषा महाविद्यालयांच्या अंगवळणीही पडली आहे. मला ते गृहीतक घातक वाटते.

किल्लारी परिसरात अध्यापन करणाऱ्यास याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी गावे नव्याने वसविण्यात आली, त्यांत घरांचे तीन आकार ठरले : २५०, ४०० व ७५० चौरस फूट. कोणास कोणते घर, हे जमीनधारणेवरून निश्चित झाले. चुलीभोवती माणसे किती, दावणीला जनावरे किती, हे त्या मोजपट्टीत नव्हते. पक्का निवारा मिळाला, हे मान्यच करावयास हवे. परंतु पुढे लोकांनी पत्रे टाकून, आडोसे उभारून ती घरे आपल्यापुरती राहण्याजोगी केली. गुणांवरून पाडलेले गट हेही असेच तीन आकार होत.

लीळाचरित्राचे अध्यापन घ्या. एक विद्यार्थी ‘देवातें’ या रूपातील ‘तें’ हा प्रत्यय न ओळखता ते सर्वनाम समजतो. दुसऱ्यास व्याकरण उमगते, पण ‘सन्निधान’ या शब्दाचा महानुभावीय अर्थ ठाऊक नसल्याने तो ‘जवळीक’ एवढाच अर्थ लावतो. तिसऱ्याच्या घरी गोरमाटी किंवा दखनी बोलली जाते. त्यास लीळा नेमकी कळलेली असते, तथापि प्रमाण मराठीत उत्तर लिहिताना तो अडखळतो. तिघांचे गुण सारखेच, आणि तिघेही ‘मंद’! पहिल्यास विभक्तिविचार हवा, दुसऱ्यास पंथाचे तत्त्वज्ञान, तिसऱ्यास लेखनाचा सराव. तिघांपुढे तोच सोपा केलेला सारांश ठेवणे म्हणजे लीळाचरित्रच त्यांच्या हातून काढून घेणे होय.

यावरचा उपाय संगणकाहून जुना आहे. नॉर्मन क्राउडर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आणलेल्या शाखायुक्त पाठांत प्रत्येक चुकीचा पर्याय वाचकास निराळ्या पानावर नेई आणि तेथे नेमक्या त्याच गैरसमजाची उकल केलेली असे. ‘मूडल’ या मुक्त प्रणालीतील ‘लेसन’ हा घटक आज हेच काम करतो. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही आणि मजकुराचे पान कमकुवत जोडणीवरही उघडते. अवघड आहे ते चुकीचे पर्याय लिहिणे. ते तंत्रज्ञास सुचणार नाहीत. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकालाच ते सुचतील.

आमच्या कार्यशाळा मात्र ध्वनिचित्रमुद्रण कसे करावे, धारिका कशी चढवावी, यांतच संपतात. दरम्यान उत्तरपत्रिका रद्दीत जातात आणि त्यांतील चुकांची नोंद कोणी ठेवत नाही. शिक्षकास साहाय्य करावयाचे तर ते येथे करावे. १९९४ पासून नांदेडच्या विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांनी एकाच ग्रंथावरील प्रत्यक्ष आढळलेल्या चुका, विद्यार्थ्यांची नावे वगळून, विभागाकडे पाठवाव्यात. विभागाने त्यांची छाननी करून तीन-चार अध्यापकांकडून शाखापाठ लिहवून घ्यावेत आणि हे काम त्यांच्या कार्यभारात तासांनिशी मोजावे. फुकटच्या उत्साहावर असे प्रकल्प दुसऱ्या सत्रापर्यंतही टिकत नाहीत. पहिल्या खेपेस ‘एकांका’तील दहा लीळा पुरेत.